हातच्या कांकणाला आरसा कशाला?

मैत्रिणींनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. आत्ता या क्षणी तुमच्या कानात जे काही आहे, मग ती मोत्याची कुडी असो, रिंग असो, नाहीतर चांदीचं साधं फूल असो, ते कोणाच्या हातचं आहे?

"आमच्या सोनाराकडचं!" असं तुम्ही चटकन सांगाल. पण ते दुकान झालं. मी विचारतेय हाताबद्दल. ती तार कोणी ओढली, पाकळी कोणी कापली, डाग कोणी दिला? आपण भाजीवाल्याला विचारतो, "मेथी कुठली रे?" साडी घेताना विचारतो, "विणकर कुठला?" दागिन्याच्या बाबतीत मात्र वजन, भाव आणि घडणावळ, एवढ्या तीनच गोष्टी विचारून आपण गप्प बसतो.

माझ्या लहानपणची एक आठवण सांगते. आजीच्या पाटलीला चीर गेली होती. ती मला घेऊन सोनाराकडे गेली. दुकान कसलं, रस्त्यालगतची ओटीच ती. बागेसरीत निखारे फुललेले, शेजारी लहानशी ऐरण, चिमटे, कानशी, आणि फुंकणीतून नेमक्या जागी वारा घालणारे ते म्हातारे कारागीर. पाटली लाल झाली, डाग पाण्यासारखा पळाला आणि चीर दिसेनाशी झाली. मी गुडघ्यावर बसून पुढे सरकले, तशी ते म्हणाले, "मागं हो पोरी. हे मुलींचं काम नव्हे." आजीनंही मला हात धरून मागे ओढलं. विस्तवाची भीती, दुसरं काय!

आज इतक्या वर्षांनी ते वाक्य आठवायला एक कारण घडलं. सोनारकाम शिकलेल्या मुलींविषयी वाचायला मिळालं. त्या कोणत्या मुली, त्यांच्या हाती ही ऐरण कशी आली आणि तुमचा-माझा त्याच्याशी काय संबंध, हे आज सांगायचं आहे. विषय थोडा जड आहे. पण शेवटपर्यंत वाचाच, कारण त्याचा एक धागा थेट आपल्या मुंबईत येऊन पोचतो.

मुंबईतून निघालेला धागा

फेब्रुवारी १९९६. मुंबईच्या वेश्यावस्तीत पोलिसांनी मोठे छापे घातले आणि चारशेहून अधिक मुली व बायका बाहेर काढल्या. त्यांत नेपाळच्या मुलींची संख्या मोठी होती. कोणी नोकरीच्या आमिषाने आणलेली, कोणी लग्नाच्या, कोणी गुंगीचं औषध देऊन. सुटका झाली खरी, पण पुढे काय? या मुली महिनोन्‌महिने इथल्या सुधारगृहांत पडून राहिल्या. त्यांचं स्वतःचं सरकार त्यांना परत घ्यायला कां-कूं करत होतं. अखेर नेपाळमधल्या सामाजिक संस्थांनी पुढाकार घेतला आणि त्याच वर्षी जुलैत सव्वाशेच्या आसपास मुली काठमांडूला परत गेल्या.

त्यांतलीच एक चारिमाया तामाङ. वयाच्या सोळाव्या वर्षी तिला पळवून मुंबईत विकलं होतं. परत गेल्यावर तिने तोंड लपवलं नाही. आपल्याला विकणाऱ्यांविरुद्ध तिने स्वतः फिर्याद दिली आणि गुन्हेगारांना शिक्षा झाली. तिच्यासारख्याच सुटून आलेल्या मुलींनी मिळून 'शक्ती समूह' ही संस्था उभी केली. जिच्यावर वेळ आली तिनेच दुसरीला हात द्यायचा, अशी ही संस्था. २०१३ साली तिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

नेपाळच्या मुलींना मुंबईत कसं विकलं जातं, यावर पुढे एक इंग्रजी माहितीपट निघाला. 'द डे माय गॉड डाइड' हे त्याचं नाव. त्यातली काही दृश्यं लपवलेल्या कॅमेऱ्याने मुंबईतच टिपली होती. अमेरिकेत गाणी रचणाऱ्या सारा सायमन्स नावाच्या एका बाईंनी तो पाहिला. आपल्यासारखी माणसं असं काही पाहिलं की दोन दिवस अस्वस्थ होतात, मग पुन्हा स्वयंपाकाला लागतात. या बाईंचं तसं झालं नाही. २००५ साली पती जॉन बर्जर यांच्यासह त्यांनी एक संस्था काढली. ती आधी 'द इमॅन्सिपेशन नेटवर्क', मग 'मेड बाय सर्व्हायव्हर्स' आणि आता 'हर फ्यूचर कोअलिशन' या नावाने ओळखली जाते. मला या नावांच्या बदलाची मोठी गंमत वाटली. आधीच्या नावात मुलीवर काय ओढवलं ते होतं, आताच्या नावात तिचं पुढे काय होणार ते आहे.

सुरुवातीची पद्धत अगदी घरगुती होती. भारत, नेपाळ अशा देशांतल्या आधारगृहांत मुली ज्या पिशव्या, ओढण्या, माळा करत, त्या अमेरिकेत न्यायच्या आणि कोणाच्या तरी दिवाणखान्यात चार मैत्रिणी जमवून विकायच्या. आपल्याकडे हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत कोणी पापड-कुरडयांची नाहीतर साड्यांची ऑर्डर घेते ना, अगदी तस्संच! वस्तूबरोबर तिच्यामागची हकिगतही घरोघर पोचत होती.

शिवणाच्या यंत्रावर घर चालतं का?

आता जरा वेगळ्या बाजूने विचार करू. सुटका झालेल्या मुलीला काय हवं असतं? निवारा, औषधपाणी, मायेचं माणूस, कोर्टकचेरीत मदत, हे तर हवंच. पण ती अठराची झाली की आधारगृहाचं दार तिच्यामागे बंद होतं. माहेर घेतंच असं नाही. कित्येकदा विकणारा घरातलाच किंवा नात्यातलाच असतो, मग परत तिथे पाठवायचं तरी कसं? घेतलंच घरात, तर शेजारीपाजारी बोलायला टपलेले. अशा मुलीच्या हातात महिन्याला पुरेल एवढा पैसा नसेल, तर पहिल्यांदा ज्याने फसवलं त्याचाच भाऊबंद दुसऱ्यांदा दारात उभा राहतो. "चांगली नोकरी आहे," एवढंच त्याला म्हणायचं असतं.

म्हणून तर आधारगृहातून काही ना काही शिकवलं जातं. तुम्ही अशा एखाद्या संस्थेत गेला असाल तर ते 'काही ना काही' तुमच्या परिचयाचं असेल. शिवणकाम, भरतकाम, मेणबत्त्या, लोणची, कागदी फुलं, मण्यांच्या माळा. यांतलं कोणतंही काम हलकं नाही. तुमच्या-माझ्यातल्या कितीतरी जणींनी शिवणाच्या यंत्रावर घर चालवलं आहे. पण खरं सांगा, गल्लीत दहा जणी ब्लाउज शिवत असताना अकरावीला काय मिळणार? आणि मेणबत्तीची तर गोष्टच नको. कारखान्यातली मेणबत्ती स्वस्त मिळते, म्हणून संस्थेची मेणबत्ती आपण घेतो ती दिवाळीपुरती, आणि तीही जरा उपकाराच्या भावनेने.

मग विचार असा पुढे आला, की मुलींना असं काम द्यावं जे सहजासहजी कोणाला येत नाही, ज्याला बाजारात मान आहे आणि ज्याची मजुरी बरी आहे. ठिकाण होतं कोलकाता. आणि कोलकात्याला अशा कामाची वाण नाही!

घडणावळ कोणाच्या पदरात?

बंगालचा कारागीर म्हणजे हातात जादू. कोलकात्याचा बोऊबाजार सोनारांसाठी प्रसिद्ध आहे. आपल्या मुंबईच्या झवेरी बाजारात, काळबादेवीच्या अंधाऱ्या जिन्यांवरून वर चढलात, तर खोल्याखोल्यांतून मांडी घालून बसलेले कारागीर दिसतील, त्यांतले कितीतरी बंगालमधून आलेले आहेत. लग्नसराईत आपण मिरवतो त्यातलं बरंचसं नाजूक काम त्यांच्या हातचं. आणि ते बहुतेक सगळे पुरुष!

असं का, तर हा धंदा बापाकडून मुलाकडे जाणारा. शिकायला जायचं म्हणजे उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं बसायचं, कित्येकदा तिथेच झोपायचं, जेवायचं. मुलीला कोण पाठवणार? शिवाय मामला मौल्यवान धातूचा. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा फुकट जात नाही, झारेकरी तो विकत घेऊन धुतात आणि त्यातले कण वेगळे काढतात. अशा ठिकाणी बाहेरच्या माणसाला शिरकाव कठीण, तिथे बाईला कुठला? बायकांच्या वाट्याला आलंच तर मणी ओवणं, गाठवणं. धातू आणि विस्तव पुरुषाकडे, दोरा बाईकडे, अशी ही वाटणी.

या वाटणीतली खरी मेख पैशाची आहे. दागिन्याच्या किमतीत दोन भाग असतात, धातूचा भाव आणि घडणावळ. चांदीचा भाव बाजार ठरवतो, त्यात कोणाला काही करता येत नाही. घडणावळ मात्र कारागिराच्या हाताची. काम जितकं नाजूक तितकी ती जास्त. काचेचे मणी दोऱ्यात ओवणाऱ्या बाईची मजुरी कोणी वाढवत नाही, कारण तिच्या जागी उद्या दुसरी बसवता येते. पण करवत, कानस आणि डाग यांवर हात बसलेल्या माणसाच्या जागी कोणालाही बसवता येत नाही. हे ज्याने ओळखलं त्याने मुलींच्या हातात दोऱ्याऐवजी करवत दिली!

कोलकात्यातल्या स्थानिक संस्थांना बरोबर घेऊन या मुलींसाठी दागिन्यांची कार्यशाळा सुरू झाली. कोणी सोडवून आणलेली, कोणी वेश्यावस्तीत जन्मलेली आणि आईची वाट आपल्या नशिबी येऊ नये म्हणून धडपडणारी. तारेत मणी ओवण्याचं नव्हे, तर चांदी कापण्या-जोडण्याचं पक्कं सोनारकाम त्या शिकल्या. याबरोबरच शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलींच्या शिक्षणाचा खर्चही ही संस्था उचलते. म्हणजे दागिने हाच सगळ्यांच्या गळ्यात बांधलेला उपाय नव्हे.

विस्तवाशी ओळख

या कामात शिकायचं तरी काय असतं? बघू या, म्हणजे पुढच्या वेळी घडणावळीवर घासाघीस करताना तुमचाच हात आखडेल!

शुद्ध चांदी फार मऊ. तिची अंगठी केली तर दोन दिवसांत वाकेल. म्हणून शंभर भागांत साडेसात भाग बहुधा तांबं मिसळतात. दागिन्यावर ९२५ असा छाप असतो तो याचाच, हजारात नऊशे पंचवीस भाग चांदी. शिकाऊ हातात मात्र लगेच चांदी देत नाहीत. आधी तांबं नाहीतर पितळ. चूक झाली तर नुकसान थोडं.

पहिला धडा करवतीचा. सोनारी करवतीचं पातं दोऱ्यासारखं बारीक असतं. जरा जोर दिला की तुटलं. त्याला मेण चोळायचं, करवत उभी धरायची आणि वळणावर पातं फिरवायचं नाही, पत्रा फिरवायचा. नवख्या हाताकडून पाती मोडतच राहतात. म्हणून इथे धीर हाच पहिला गुरू.

मग कानस. कापलेल्या कडेला धार असते, ती बोटाला लागणार नाही इतकी गुळगुळीत करायची. मग हातोडी. चांदी ठोकत गेलं की ती कडक होते, आणखी ठोकली तर तडकते. तेव्हा तिला तापवून, मंद लाल झाली की विझवून, पुन्हा मऊ करून घ्यायची. तार हवी तर कांडी पोलादी पट्टीतल्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढत न्यायची.

आणि शेवटी सर्वांत अवघड, डाग देणं. शुद्ध चांदी ९६२ अंशांच्या आसपास वितळते, तांबं मिसळलेली त्याआधीच. डागाचा धातू त्याहूनही कमी उष्णतेला वितळणारा हवा. सांध्याला टाकणखार लावायचा, म्हणजे धातू काळा पडत नाही आणि डाग नीट पसरतो. ज्योत नुसत्या सांध्यावर धरून चालत नाही, सगळा दागिना सारखा तापायला हवा. एक बाजू जास्त तापली की डाग तिकडेच पळतो. आणि क्षणभर उशीर झाला तर तासन्‌तास खपून केलेलं फूल डोळ्यांदेखत गोळा होऊन बसतं.

विचार करा. जिच्या आयुष्यातला एकही निर्णय तिने स्वतः घेतलेला नव्हता, त्या मुलीच्या हातात ज्योत आहे. आता आच कमी करायची की वाढवायची, कधी थांबायचं, हे तिनेच ठरवायचं. चुकलं तर पुन्हा वितळवायचं आणि पुन्हा करायचं. धातूचा एवढा मोठेपणा आहे, की तो एकदा बिघडला म्हणून कायमचा टाकाऊ होत नाही.

आपल्याकडे हे अगदीच नवं नाही

कोणी म्हणेल, "परदेशी बाई आली म्हणून हे झालं!" तसं नाही हं. असाच विचार आपल्याकडे शंभर वर्षांहून आधी झालेला आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. पुढे दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणून केडगावला 'मुक्ती'चा पसारा उभा केला. तिथे बायका विणकाम करत, तेलाचा घाणा चालवत, गाईगुरं सांभाळत, आणि छापखानाही चालवत. ज्या काळी बाईने पुस्तक हातात घेतलं तरी लोक नाकं मुरडत, त्या काळी केडगावच्या बायका शिशाचे खिळे जुळवून पुस्तकं छापत होत्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच छापखान्यात बायकांच्या हातांनी छापलं गेलं. पुरुषांचा म्हणून ठरलेला धंदा, सरळ सरळ मुलींच्या हाती!

अलीकडचं सांगायचं तर मुंबईच्या कामाठीपुऱ्यात 'प्रेरणा' ही संस्था १९८६ पासून काम करते. प्रीती आणि प्रवीण पाटकर यांनी १९८८ मध्ये तिथे रात्रीचं पाळणाघर सुरू केलं. रात्रीचं का? तर आई रात्री कामाला बसते तेव्हा लेकरू कुठे जाणार, हा साधा प्रश्न आधी कोणाला पडलाच नव्हता. मुलीला नंतर सोडवून आणण्यापेक्षा तिला तिथे अडकूच न देणं किती बरं, हे या कामाने दाखवून दिलं.

दागिना घ्यायचा की दया?

आता एक अवघड गोष्ट बोलते. अशा संस्थांच्या वस्तू विकल्या जातात त्या कधी वस्तूच्या गुणावर, तर कधी मुलीच्या दुःखावर. टेबलावर कानातले मांडलेले, आणि शेजारी कार्डावर छापलेलं असतं की ही मुलगी अमक्या वयात विकली गेली होती. आपले डोळे पाणावतात, आपण पर्स उघडतो. पण क्षणभर त्या मुलीच्या जागी बसून पाहा. तिच्या आयुष्यातला तो काळ तिला विसरायचा आहे, आणि प्रत्येक कर्णफुलाबरोबर तोच पुन्हा विकला जातो आहे!

कायदाही या बाबतीत कडक आहे. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे अशा मुलीचं नाव, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही मजकूर प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. म्हणूनच या लेखातही तुम्हाला कोलकात्याच्या कुठल्याही मुलीची कहाणी सापडणार नाही. तशी तुमची अपेक्षा असेल तर क्षमा करा, पण ती माझ्या मते सांगायची गोष्ट नव्हे.

दुसरा धोका दयेच्या आयुष्याचा. दया एकदाच कानातलं घेते. आवड दुसऱ्यांदा येते. कीव करून घेतलेला दागिना डब्यात पडून राहतो, आणि पुढच्या वर्षी आपण दुसऱ्याच एखाद्या संस्थेची कीव करतो. अशाने कार्यशाळा चालत नाहीत. शिवाय दूरदेशीच्या खरेदीदारावर विसंबलेला धंदा किती नाजूक असतो ते २०२० च्या टाळेबंदीने दाखवलंच. चार बायका एका दिवाणखान्यात जमणं बंद झालं, की तसल्या मेळाव्यांवर चालणारी विक्रीही बंद. म्हणून मुलींच्या हातचं काम इथल्या बाजारात, इथल्या गिऱ्हाइकांत, म्हणजे तुमच्या-माझ्यात टिकायला हवं. आणि ते टिकेल ते उत्तम असेल तरच.

खरेदीपूर्वी विचारा

प्रदर्शनात, जत्रेत, दिवाळीच्या विक्रीत 'निराधार मुलींनी बनवलेल्या वस्तू' अशी पाटी तुम्हाला दिसेलच. तिथे नाक मुरडू नका, आणि भाबडेपणाने पैसेही देऊ नका. हसतमुखाने चार प्रश्न विचारा. चांगल्या संस्थेला राग येत नाही, उलट बरं वाटतं.

१. करणारीला मजुरी कशी मिळते, नगावर की महिन्यावर? आणि ती तिच्या स्वतःच्या बँकेच्या खात्यात जमा होते का?

२. करणाऱ्या मुलींचं वय काय? शाळकरी मुलीने हौसेने कला शिकावी, पण विक्रीसाठी राबणारे हात अठरा वर्षांवरचेच हवेत. चौदाच्या आतल्या मुलांना कामाला लावायला तर कायद्यानेच बंदी आहे.

३. काम शिकून बाहेर पडलेल्या मुली पुढे काय करतात? कोणाकडे नोकरीला लागल्या, का स्वतःचं काही काढलं? या प्रश्नाला उत्तर नसेल तर ते शिक्षण नव्हे, नुसती करमणूक.

४. पावती कसली? देणगी वेगळी आणि खरेदी वेगळी. वस्तू विकत घेतली तर तिच्यावर आयकरातली देणगीची सवलत मिळत नाही. दोन्ही पावत्या वेगवेगळ्या मागा.

आणि पाचवा प्रश्न स्वतःला विचारा. ही पाटी नसती, तर मी हे कानातलं घेतलं असतं का? उत्तर 'हो' आलं तरच घ्या. 'नाही' आलं तर तेवढे पैसे सरळ देणगी म्हणून द्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

दागिना पारखायची खूण सांगू? त्याची मागची बाजू पाहा. पुढची बाजू सगळेच चकचकीत करतात. चांगला कारागीर मागची कडही कानशीने घासतो, आकड्याचं टोक गुळगुळीत करतो, कडीचा सांधा डाग देऊन बंद करतो. नुसतीच वाकवून मिटवलेली कडी केसात नाहीतर पदरात अडकून उघडते आणि दागिना हरवतो.

एवढंच नव्हे, पैशाशिवायही एक काम आहे. आपल्या इमारतीत कोणाकडे बारा-तेरा वर्षांची मुलगी घरकामाला ठेवलेली दिसते, गावाकडची कोणी लहान मुलगी "मुंबईला नोकरी लागली" म्हणून एकाएकी दिसेनाशी होते, एखाद्या अल्पवयीन मुलीचं लग्न घाईघाईने उरकलं जातं. आपण कुजबुजतो आणि गप्प बसतो. तसं करू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत. ही सेवा १९९६ साली आपल्या मुंबईतच सुरू झाली. बायकांसाठी १८१ आहे, आणि तातडीच्या वेळी ११२. हे तीन आकडे गॅसच्या नंबराशेजारी, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा. तुमच्या कामवाल्या बाईंनाही सांगा. त्यांना वस्तीतलं जे कळतं ते आपल्याला कळत नाही.

जाता जाता: चांदीची निगा

इतकं चांदीपुराण झालं, तर चांदी काळी का पडते तेही सांगून टाकते. हवेतल्या गंधकामुळे. म्हणून चांदीचे दागिने रबर बँडने बांधून ठेवू नका, रबरात गंधक असतं. प्रत्येक नग वेगळ्या, घट्ट बंद होणाऱ्या लहान प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. डब्यात खडूचा तुकडा टाकला तर दमटपणा कमी राहतो. अत्तर, पावडर आधी, दागिना शेवटी.

टूथपेस्टने घासण्याची सवय कित्येक जणींना आहे. तिने चमक येते, पण बारीक चरेही पडतात. त्यापेक्षा रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश बरा. फार काळं पडलं असेल तर भांड्यात अॅल्युमिनियमचा कागद घालून, वर दागिना ठेवून, कढत पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाका. काळेपणा निघतो. मात्र मोती, पोवळं किंवा चिकटवलेले खडे असतील तर हा प्रयोग मुळीच करू नका. आणि मुद्दाम काळी छटा दिलेले, 'ऑक्सिडाइज्ड' म्हणतात ते दागिने तर नुसत्या मऊ फडक्याने पुसा. नाहीतर नक्षीतली काळी रेघ जाईल, आणि ती रेघ उठवायला कोणाचे तरी श्रम पडलेले असतात.

मैत्रिणींनो, सोनारानेच कान टोचावे म्हणतात. ती म्हण करणाऱ्याच्या मनात सोनार पुरुष असणार हे धरलेलंच होतं. उद्या एखादीचे कान सोनारीण टोचील, आणि तिच्या ऐरणीपाशी गुडघ्यावर बसलेली एखादी लहान पोर पुढे सरकेल, तेव्हा "मागं हो" असं तिला कोणी म्हणू नये. विस्तवापासून हात किती लांब ठेवायचा, तेवढं मात्र तिला नीट शिकवावं.